बैलाचा सोमवार

डिसेंबर सरत आला की भिंतीवरची जुनी दिनदर्शिका खाली उतरते आणि त्याच खिळ्यावर नवी चढते. जुनी मात्र लगेच रद्दीत जात नाही, कारण तिच्या चौकोनांत वर्षभराचा हिशेब असतो. दूध कोणत्या दिवशी अर्धा लिटर जास्त घेतले, गॅसची टाकी कधी लावली, बचत गटाचा हप्ता कधी भरला, भिशी कोणाला लागली, विजेचे बिल किती आले, हे सारे पेन्सिलीने तेथे टिपलेले असते. कोगनोळीतील एखाद्या घरी ही जुनी दिनदर्शिका चाळून पाहावी. बारा महिन्यांच्या पानांवर देणे, भरणे, आणणे हीच क्रियापदे पुन्हा पुन्हा भेटतील. सगळे मिळून नदीवर गेलो, अशी नोंद सहसा सापडणार नाही. याचा अर्थ घरात आनंद नव्हता असा नव्हे. आनंदाची नोंद करण्याची आपल्याकडे रीत नाही, इतकेच. परंतु ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी पैसा उरत नाही, हे जसे संसारी माणसाला ठाऊक असते, तसेच वेळेचेही आहे.

श्रोतेहो, नवे वर्ष, रोजची कर्तव्ये आणि जीवनातील विरंगुळा यांचा मेळ कसा घालावा, हा आजचा विषय आहे. हा विषय बहुधा शहरातील नोकरदारांच्या दृष्टीने मांडला जातो. कचेरी, लोकलगाडी, रविवारची नाट्यगृहे, असा त्याचा परिसर ठरून गेला आहे. तो एकदा सीमेवरच्या एका गावातून पाहिला, तर त्याचे निराळेच रूप दिसू लागते.

पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग कागल सोडतो, दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि कर्नाटकात शिरतो. तेथेच कोगनोळी आहे. मोटारीतून जाणाऱ्याला हे गाव टोल नाक्यापुरते आठवते. गावची बोली मराठी, कारभार बेळगाव जिल्ह्याचा आणि बाजारहाट निपाणीला, तसाच कागल-कोल्हापूरलाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, त्या वेळी सीमेची रेघ या भागातून गेली. त्या रेघेविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. येथे तिचा उल्लेख सणावारांपुरता आणि सुट्ट्यांपुरताच करायचा आहे. आणि तेवढ्यापुरतीही ती काही लहानसहान नाही.

अशा गावात वर्ष एकदा सुरू होत नाही. जानेवारीची पहिली तारीख येते, तेव्हा शेतकऱ्याला मान वर करायला सवड नसते. उसाचे गाळप ऐन भरात असते. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोपी शेताच्या कडेला पडलेल्या असतात, आणि ज्या रानात अद्याप तंबाखू होतो त्या रानात तो कापून वाळवायचे तेच दिवस. मग चैत्रात पाडवा येतो. गावात त्याला गुढीपाडवा म्हणतात आणि पलीकडच्या आळीतले कानडी शेजारी त्याच दिवसाला उगादी म्हणतात. त्याच सुमारास ३१ मार्च येऊन गेलेला असतो आणि सोसायटीच्या पीककर्जाचा भरणा करताना घरातली शिल्लक संपलेली असते. पुढे जूनमध्ये शाळेचे वर्ष सुरू होते, वह्यापुस्तकांचा खर्च उभा राहतो. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याचे वर्ष बदलते, मागील उधारीची आठवण करून दिली जाते. म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा नवे वर्ष येते आणि प्रत्येक वेळी ते हातात काहीतरी देण्याची यादी घेऊनच येते.

वास्तविक नव्या वर्षाचा आणि कामाच्या ओझ्याचा हा संबंध फार जुना आहे. जानेवारीची पहिली तारीख ही वर्षारंभ म्हणून रूढ झाली, ती इसवी सनापूर्वी १५३ पासून रोमचे कॉन्सल त्या दिवशी अधिकारसूत्रे स्वीकारू लागले म्हणून. ती मुळात आनंदाची तारीख नव्हे, ती कारभाराची तारीख. त्या दिवशी रोमन लोक आपापल्या धंद्यातले थोडेसे काम केवळ मुहूर्तापुरते करीत, म्हणजे सारे वर्ष आळसात जाऊ नये. आणि मग उरलेला दिवस परस्परांना खजूर, अंजीर, मध अशा गोड भेटी देण्यात घालवीत. आपल्याकडेही पाडव्याला काही भागांत शेतात औत धरून चार तासे मारण्याची चाल आहे. महाराष्ट्राच्या बऱ्याच जिल्ह्यांत सालगड्याचा वर्षाचा करार पाडव्यालाच होत आला. गुढीला नमस्कार करून गडी ज्या दिवशी गोड खातो, त्याच दिवशी पुढच्या तीनशे पासष्ट दिवसांच्या कष्टांचा बोल त्याने दिलेला असतो. पाडव्याला कडुलिंबाची पाने गुळाबरोबर वाटून खातात. कानडी शेजारी त्यालाच ‘बेवु-बेल्ल’ म्हणतात. वर्षात कडू-गोड दोन्ही आहे, असा त्याचा अर्थ सर्वत्र सांगितला जातो. पण लिंब आणि गूळ ताटात वेगवेगळे वाढलेले नसतात, दोन्ही एकत्र वाटून एकच घास केलेला असतो, ही गोष्ट सांगताना गाळली जाते. आधी कडू सगळे संपवावे आणि मग उरले तर गोड खावे, असे त्या घासात नाही.

आणि नेमके तसेच आपण नव्या वर्षाचे संकल्प करतो. पहाटे उठेन, वजन उतरवीन, बचत वाढवीन, मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देईन. हे सारे चांगलेच आहे. परंतु बारकाईने पाहिले, तर प्रत्येक संकल्प म्हणजे आधीच्या कर्तव्यांत पडलेली आणखी एका कर्तव्याची भर होय. आठवड्यातून एक तिसरा प्रहर मी काहीही करणार नाही, असा संकल्प करणारा मनुष्य विरळा. आणि कोणी केलाच, तर घरचे लोक त्याची प्रकृती बरी आहे ना, असे विचारतील. विरंगुळा हा उरलेल्या वेळाचा, कामे आटोपल्यावरचा, असे आपण गृहीत धरतो. कामे आटोपतात कधी, हे मात्र कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेतकऱ्याने फार पूर्वी एका बाबतीत देऊन ठेवले आहे. ते उत्तर माणसासाठी नव्हते, बैलासाठी होते. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात सोमवारी बैल न जुंपण्याची रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली. मराठी घरात तो महादेवाचा वार म्हणून, लिंगायत घरात बसवेश्वरांचा वार म्हणून. दोघांची कारणे वेगळी असली तरी बैल तेवढाच सुखी. या रीतीचे वैशिष्ट्य असे की, काम संपले म्हणून बैलाला सुट्टी मिळत नसे. सोमवार आला म्हणून मिळे. वाफसा आलेला असो, पेरणी अर्धी राहिलेली असो, सोमवारी जू खांद्यावर चढत नसे. एकट्या शेतकऱ्याने ठरवले असते तर हा नेम कधीच टिकला नसता. मंगळवारी पाऊस येईल या भीतीने त्याने सोमवारी औत धरलेच असते. पण साऱ्या गावाचे बैल गोठ्यात असताना एकाचे औत रानात दिसणे ही लाजेची गोष्ट होती, म्हणून नेम टिकला. बेळगावकडच्या गावांत यात्रेपूर्वी ‘वार पाळणूक’ असते. ठरलेल्या वारी शेतीची कामे बंद ठेवण्याचा तो गावकीचा निर्णय असतो. तोही याच जातीचा.

याच बैलासाठी वर्षातून एक मोठा सण आहे, आणि सीमेवर तो एक नसून दोन आहेत. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, ज्याला कानडीत कारहुणवी म्हणतात. आणि आषाढात महाराष्ट्राचा बेंदूर. कोणत्या गावाने कोणता पाळावा हे राज्याची सीमा ठरवीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कित्येक गावे कर्नाटकी बेंदूर पाळतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचे, सकाळी नदीवर धुवायचे, शिंगे रंगवायची, झूल घालायची, पुरणाची पोळी चारायची आणि तिसऱ्या प्रहरी कर तोडायला वेशीत न्यायचे. ऐन पेरणीच्या हंगामात, ज्या दिवसांत एकेक तास मोलाचा, त्या दिवसांत हा सण येतो. सणाची जागा ठरवणाऱ्यांना ही अडचण कळत नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. कष्ट ज्या दिवसांत सर्वांत अधिक, त्याच दिवसांत थांबण्याची गरजही सर्वांत अधिक, हे त्यांनी ओळखले असावे.

बैलाला सोमवार मिळाला. माणसाला रविवार मिळायला मात्र पुष्कळ झगडावे लागले. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इसवी सन ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा पहिला कायदा केला. न्यायाधीशांनी, शहरातील लोकांनी आणि कारागिरांनी त्या दिवशी काम बंद ठेवावे, असा तो हुकूम होता. पण शेतकऱ्यांना त्यातून वगळले होते, कारण पेरणीची आणि द्राक्षवेलींच्या लागवडीची योग्य वेळ निसटू नये! हेतू दयाळूपणाचा खरा. पण सतराशे वर्षांपूर्वी शहरातल्या माणसाची सुट्टी कायद्यात बसली आणि शेतकऱ्याची हवामानावर सोडली गेली, ती आजतागायत तशीच आहे.

आपल्याकडे रविवारची सुट्टी इंग्रज साहेबाने दिली असा एक समज आहे. कचेऱ्यांपुरता तो ठीक आहे. मुंबईच्या गिरण्यांत मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, आणि रविवारी कापड निघाले नाही तरी यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावून घेत. ही स्थिती बदलण्यासाठी ज्यांनी कंबर कसली ते नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज वाचल्या तरी मनुष्य क्षणभर थांबतो. आठवड्यातून रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाल्यास भरपाई. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, म्हणून तोच सुट्टीचा असावा, असा लोखंड्यांचा युक्तिवाद होता असे सांगतात. सहा वर्षे गेली. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षी, १८९१ च्या मे महिन्यात, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवरील आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. मुंबईच्या गिरणी कामगाराने ती तोवर मिळवलीही होती, याचा अभिमान मराठी माणसाने बाळगायला हरकत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्यच आहे. ज्याला पोटाची चिंता आहे, त्याला विरंगुळ्याचे प्रवचन कशाला? आधी मालाला भाव मिळू द्या, मजुरीत वाढ होऊ द्या, मग आनंदाचे पाहू. कोगनोळीच्या परिसराला हा आक्षेप पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ याच महामार्गावर ठिय्या देऊन बसले. १४ मार्चला ते बसले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावरच राहिले. त्या वर्षी गुढीपाडवा ५ एप्रिलला होता. तो त्यांना रस्त्यावरच आला. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या बारा घरांत पुढे पाडवा कसा साजरा झाला असेल, याची कल्पना करवत नाही. नव्या वर्षाच्या आनंदाला शेतमालाच्या भावाचे अधिष्ठान लागते, हे निपाणी भागात नाकारणारा कोणी भेटणार नाही.

परंतु लोखंड्यांच्या निवेदनाकडे पुन्हा पाहावे. त्या कामगारांनी आधी पगार आणि मग सुट्टी, अशी उतरंड लावली नव्हती. दोन्ही मागण्या एकाच कागदावर होत्या, आणि सुट्टीची मागणी पहिली होती. गरिबाला विश्रांती ही चैन वाटत नाही. ती चैन आहे असे त्याला इतरांनी सांगितलेले असते.

हा भेद निपाणीच्या स्त्रियांच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसतो. तंबाखूच्या वखारींत कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे वर्षानुवर्षे बायकांनी केली. नाकातोंडात तपकिरी धूळ, आणि घरी परतल्यावर चूल वाट पाहत असलेली. या स्त्रियांनी संघटना बांधून संप केले. त्यांची कहाणी ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ साली एका माहितीपटात टिपून ठेवली आहे. ज्या वखारीत जात नाहीत त्या घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेली पाने आणि दोऱ्याचा रीळ. मजुरी हजार विड्यांवर. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आठवड्याची सुट्टी दिली, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. कायदा चांगलाच होता. पण भोंगा कारखान्यात वाजतो, सुपात वाजत नाही. नगावर मजुरी मिळणाऱ्याला आपल्या कामाचा शेवट दिसत नाही. आणखी शंभर वळाव्यात, आणखी एक कट्टा बांधावा, असे करता करता दिवा लावण्याची वेळ होते. अशा स्त्रीला सुट्टी कोणी द्यायची? मालक समोर नाही, आणि स्वतः स्वतःला सुट्टी देणे हे तर सर्वांत अवघड.

विश्रांतीविषयीची एक फार जुनी आज्ञा ख्रिस्ती आणि यहुदी लोकांच्या जुन्या करारात आहे. सातव्या दिवशी कोणी कोणी काम करू नये याची तेथे यादीच दिली आहे. त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी आहेत, बैल आहे, गाढव आहे, दारी आलेला परकाही आहे. घरधनिणीचे नाव तेवढे वेगळे नाही. ज्याला आज्ञा केली त्यातच ती आली, असे भाष्यकार म्हणतात, आणि तसे असेलही. पण व्यवहारात काय घडते? रविवारी पुरुषाला सुट्टी, मुलांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी काहीतरी विशेष रांधायचे, आठवड्याचे कपडे धुवायचे, पाहुण्यांची ऊठबस करायची. सणाच्या दिवशी तर विचारूच नये. पुरण वाटता वाटता जिचे हात भरून येतात, तिच्यासाठी पाडवा आणि मंगळवार यांत फरक एवढाच की, पाडव्याला काम दुप्पट असते. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या दुप्पट कामावर उभी असेल, तर त्या घरात सुट्टी झाली असे म्हणता येणार नाही. ती फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली.

याही गोष्टीचा विचार आपल्या परंपरेत कोणी केलाच नव्हता, असे मात्र समजू नये. श्रावणातली नागपंचमी आठवावी. त्या दिवशी जमीन नांगरायची नाही, खणायची नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच जोडीला आणखी नेम आहेत. विळीवर चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही तळायचे नाही. उकडलेली दिंडी करायची आणि खायची. नागाला इजा होऊ नये हे त्याचे सांगितले जाणारे कारण. कारण काहीही असो. नांगर आणि तवा या दोघांना एकाच दिवशी एकाच आज्ञेने खाली ठेवणारा हा सण आहे. शेतकऱ्याचे आणि त्याच्या बायकोचे हत्यार एकाच तोलाचे मानणारा दुसरा सण सहसा आढळत नाही. आणि मग त्या रिकाम्या झालेल्या हातांचे काय होते? झाडाला झोके बांधले जातात, माहेरवाशिणी येतात, फुगड्या रंगतात, रात्री गाणी चालतात. आनंद मुद्दाम आणावा लागत नाही. हात मोकळे झाले की तो आपण होऊन येतो. नव्या वर्षाचा काही संकल्प करावयाचाच असेल, तर महिन्यातून एक नागपंचमी पाळावी, असा तो असू शकेल. त्या दिवशी चूल साधी आणि सुपाला विसावा. घरातील पुरुषाने त्या दिवशी भात शिजवला, तर नागदेवता रागावण्याचे कारण दिसत नाही.

आता त्या सीमेच्या रेघेकडे यावयाचे. विरंगुळा एकट्याने घेता येत नाही. तो कोणाबरोबर तरी असावा लागतो, आणि त्यासाठी दोघांची सवड एका वेळी जुळावी लागते. कोगनोळीच्या कित्येक लेकी कागल तालुक्यात दिलेल्या आहेत आणि तिकडच्या इकडे आल्या आहेत. मधे फक्त दूधगंगा. पण कर्नाटकातील शाळांची सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, तर महाराष्ट्रातील दिवाळीला. इकडची पोरे दसऱ्यात मोकळी असतात, तेव्हा पलीकडची मामे-आते भावंडे परीक्षेच्या अभ्यासात. आणि पलीकडे दिवाळीची लांब सुट्टी लागून ती आजोळी येतात, तेव्हा भाऊबीज होते न होते तोच इकडच्यांची शाळा भरते. उन्हाळ्यातही इकडची शाळा जूनच्या सुरुवातीलाच उघडते, तिकडची जूनच्या मध्याला. भाषा एक, नाती एक, सण एक, आणि सुट्ट्या दोन. मोठ्या माणसांच्या वादात ही बाब किरकोळ ठरते. पण ज्या मुलाला आपल्या भावंडांबरोबर सबंध आठवडा नदीवर डुंबता आले नाही, त्याला ती किरकोळ वाटत नाही. दोन्ही राज्यांचे शिक्षणखाते यात काही करील तेव्हा करील. तोवर दोन्हीकडच्या आयांनी नवी दिनदर्शिका लागताच पुढ्यात घेऊन दोन्ही सुट्ट्यांचे जे चार-सहा दिवस जुळतात, ते शोधून त्यांभोवती पेन्सिलीने गोल काढावा. भिशीची तारीख जशी मोडता येत नाही, तशीच तीही मोडू नये. मे महिना तर जवळजवळ सबंध दोघांचा आहे. पण तोही क्लास, शिबिरे आणि पुढल्या यत्तेच्या पुस्तकांनी हळूहळू भरत चालला आहे, तिकडे लक्ष ठेवावे.

बैलाच्या सोमवाराचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. गोठे रिकामे होत गेले, बांधावर ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर भाड्याचा असतो, तासावर चालतो, आणि त्याला सोमवार नसतो. ज्याचा नंबर रात्री दोन वाजता लागेल त्याने रात्री दोन वाजता कंदील नाही तर विजेरी घेऊन रानात उभे राहावे. बैल थांबे म्हणून मनुष्य थांबत असे. यंत्र थांबत नाही, तेव्हा मनुष्यानेही थांबू नये, असे न बोलता ठरून गेले. मोबाईलने तीच गत घरात केली. दुकानदाराचा ग्राहक, शिक्षकाचा वरिष्ठ, गटाची अध्यक्षीण, सारे रात्री दहा वाजता त्या चौकोनी काचेतून बोलावतात, आणि न बोलणाऱ्याला उद्धट समजतात. यावर एकट्या माणसाचा निग्रह फारसा कामाचा नाही, हे बैलांच्या उदाहरणावरून समजावे. चार घरांनी, एका आळीने, एका गटाने मिळून ठरवले की बुधवारी संध्याकाळनंतर हप्त्याचे, उधारीचे, कामाचे बोलायचे नाही, तर ते चालेल. गावकी अजून शिल्लक आहे. यात्रेची वर्गणी जी जमवू शकते, ती एवढेही करू शकेल.

शेवटी एक अडचण उरतेच. काहींचे काम असे असते की, सर्वांची सुट्टी असेल तेव्हा त्यांची पाळी अधिक जड. कोगनोळीच्या टोल नाक्यावर दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मोटारींच्या रांगा लागतात. त्या रांगेतल्या प्रत्येकाला सुट्टी आहे, फक्त खिडकीच्या आतल्या मुलाला नाही. एस. टी.चा चालक, दवाखान्यातील परिचारिका, कागलच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा तरुण यांचेही तेच. त्यांच्यासाठी पाडवा पंचांगातल्या तिथीवरून काढता येत नाही, घरच्यांनाच त्याच्याकडे थोडा सरकावा लागतो. कित्येक घरांत तसे घडतेही. गुढी सकाळी उभारली जाते, संध्याकाळी उतरवली जाते, पण पोळ्यांचा डबा झाकून ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून मुलगा येतो, हातपाय धुतो, आणि मग पुन्हा सगळे त्याच्याबरोबर ताटावर बसतात. पुरणाची पोळी शिळी झाल्यावर दुधात चुरून अधिक गोड लागते, असे जुन्या बायका म्हणतात. आईला मात्र त्या दिवशी पुन्हा तवा ठेवावा लागत नाही.